सपाटीवरचा चढ

१

वेणीमाधव मैंदर्गीकर पाहुण्यांना डोंगर दाखवायचा आणि स्वतः मात्र डोंगराला भ्यायचा. सोलापुरात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक त्याची बायको शकुंतला, आणि दुसरा गिरणीची मोटार चालवणारा मानसिंग.

तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. गिरण्यांचे भोंगे पुन्हा वेळच्या वेळी वाजू लागले होते, आणि वेणीमाधव ज्या गिरणीत नोकरीला होता तिच्या पाहुण्यांच्या बंगल्यात माणसांची ये-जा सुरू झाली होती. मुंबईचे रंगाचे व्यापारी यायचे, बडोद्याचे भागीदार यायचे, यंत्रं बसवायला इंजिनियर यायचे. या बंगल्याची सगळी व्यवस्था वेणीमाधवकडे होती. पाहुणा आधी गिरणी बघायचा, मग भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचं तळं बघायचा, आणि एवढं झालं की व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून घाम पुसत विचारायचा, की जवळपास डोंगर, थंड हवा असं काही नाही का?

सोलापूरभोवती डोंगर कुठला? चहूकडे काळं रान, ज्वारी आणि वर आभाळ. पण उत्तरेला मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची, हद्द ओलांडली की बालाघाटाची कड लागते. तिथे हरणघाट नावाचा जुना रस्ता होता. मानसिंग एकदा गाडी घेऊन त्या बाजूला गेला होता. त्याच्याकडून खोदून खोदून माहिती काढून वेणीमाधवने या घाटाची सहल बसवली. पहाटे निघायचं, म्हणजे चढताना ऊन पाठीवर राहतं. पळसाचं झाड आहे त्या वळणावर थांबायचं, कारण तिथून खालचं सगळं पठार चादर अंथरल्यासारखं दिसतं. माथ्यावर ओढ्याकाठी करंजांची सावली आहे, तिथे जाजम टाकायचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, गाडग्यात लावलेलं दही. पाहुणे खूश होऊन परतायचे आणि मुंबईला जाऊन हरणघाटाचं नाव सांगायचे.

वेणीमाधव स्वतः घाटाच्या पायथ्यापर्यंतच जायचा. तिथे मोगलाईचा नाका होता. नाक्यावर कोणीतरी थांबायला लागतं असं पाहुण्यांना सांगून तो पहारेकऱ्याच्या बाजेवर बसून राहायचा. लहानपणी कुठल्याशा घाटात त्यांची बैलगाडी हातभर मागे सरकली होती. झालं काहीच नव्हतं. बैलांनी लगेच पाय रोवले होते. पण त्या हातभर सरकण्यात जे काही त्याच्या अंगात शिरलं, ते पुन्हा निघालं नाही. चढाचा रस्ता समोर आला की त्याचे तळहात ओले व्हायचे आणि पाय जागचे हलायचे नाहीत. वरचा देखावा मात्र तो इतका रंगवून सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस तिथेच जन्मला असेल.

२

त्या फाल्गुनात बडोद्याहून नारायणराव नावाचे भागीदार आले. वय झालेले, पांढऱ्या फेट्यातले शांत गृहस्थ. बरोबर त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई होत्या. दोघं हरणघाटावर जाऊन आली. नाक्यावर मोटार थांबली तेव्हा मागच्या बाकावर दोघंही समोर बघत गप्प बसली होती. दमली असतील, असं वेणीमाधवला वाटलं.

दुपारी बंगल्यावर उतरल्यावर सरोजिनीबाई व्हरांड्यातून आपल्या खोलीकडे निघाल्या. वेणीमाधव मागून येत होता. बाई पुढे वाकून चालत होत्या. एक हात गुडघ्यावर टेकून, पाऊल उचलताना जोर लावून, जेजुरीच्या पायऱ्या चढाव्यात तशा. नारायणरावांचा हात त्यांच्या पाठीला होता, आणि तेही तसेच वाकलेले. व्हरांडा सरळ होता. शहाबादी फरशीवर एक पायरीसुद्धा नव्हती.

म्हातारी माणसं, मोटारीत बसून अंग आखडलं असेल, असं म्हणून त्याने ते मनातून काढून टाकलं.

दिवेलागणीला निंगव्वा त्याला शोधत आली. ती बंगल्यात वरकाम करायची. अक्कलकोटकडची, वयाने मोठी, उगाच बोलणारी नव्हे. ती पदराला हात पुसत उभी राहिली.

"अप्पा, बाई म्हनतेत पलंगाच्या पायथ्याला इटा लावा. घसरायलंय म्हनतेत."

वेणीमाधव खोलीत गेला. पलंग चारी पायांवर नीट उभा होता. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, बंगल्याचा पाया थोडा खचला असेल, ही गोष्ट त्याला पटण्यासारखी होती. त्याने गिरणीतल्या गवंड्याकडून पाणसळ मागवून फरशीवर ठेवली. काचेतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. त्याने ती आडवी फिरवून पाहिली. तरीही बुडबुडा मधोमधच. मग त्याने मुकाट्याने पायथ्याला विटा लावून घेतल्या. सरोजिनीबाईंनी त्याचे मनापासून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी तो त्यांना स्टेशनवर सोडायला गेला. सपाट प्लॅटफॉर्मवर ती दोघं चढ चढत डब्यापर्यंत गेली. मागून सामान घेऊन येणारा हमाल हसत होता. वेणीमाधवला हसू आलं नाही.

३

त्यानंतर मुंबईचे दोघे भाऊ आले. रंगाचा व्यापार, तरुण, हसतमुख. घाटावर जाताना गाणी म्हणत गेले आणि येताना गप्प आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळीकडे सामसूम असताना, वेणीमाधव बंगल्याच्या मधल्या बोळातून चालला होता. त्याला मोटारीचा आवाज ऐकू आला. चढावर गाडी खालच्या गियरमध्ये टाकली की इंजिन जसं कण्हतं, तसा आवाज. तो बाहेर आला. मोटार शेडमध्ये उभी होती. इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला तर गार. बोळात परत आला तर आवाज होताच, आणि तो त्या भावांच्या बंद दारामागून येत होता.

त्याने दारावर टकटक केली आणि आवाज थांबला. "या," असं आतून कोणीतरी म्हणालं.

दोघे भाऊ पलंगाच्या कडेवर शेजारी शेजारी बसले होते. पाय घट्ट रोवलेले, हात पलंगाच्या दांडीवर. दोघांची नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर. चहा पाठवू का, असं वेणीमाधव विचारत होता, तेवढ्यात दोघेही एकदम डावीकडे कलले. थोरल्याचा खांदा धाकट्याला लागला. क्षणभर ते तसेच राहिले, मग सावकाश सरळ झाले.

"वळण होतं," धाकटा ओशाळून म्हणाला.

वेणीमाधवने दार ओढून घेतलं. चहाचं विसरूनच गेला.

संध्याकाळी तो शेडमध्ये मानसिंगकडे गेला. मानसिंग पुसायचं फडकं पिळत होता. घाटात काही झालं का, कोणी भेटलं का, असं वेणीमाधवने आडवळणाने विचारलं. मानसिंगने फडकं बादलीत बुडवून पुन्हा पिळलं.

"वर काय बी न्हाय सायेब," तो म्हणाला. "रस्ता जरा लांबलाय. आदी वळनं मोजायचो मी. आता न्हाय मोजत."

"आणि गाडी?"

"गाडी जड लागती चढताना. दोगंच बसल्यात म्हनलं तरी खचाखच भरल्यावानी चढती." त्याने फडकं झटकलं. "उतरताना मातुर रिकामी येती. मागं मानसं असत्यात, मला आरशात दिसत्यात की. पन गाडी रिकामी येती."

घरी जाताना वेणीमाधव स्वतःला समजावत होता. मानसिंग रात्रीचा कधीमधी घेतो. गाडी जुनी झाली आहे. आणि आपण? ज्याला जन्मभर चढाची भीती, त्याला सपाटीवरसुद्धा चढच दिसणार. हा दोष घाटाचा नाही, बंगल्याचा नाही, आपल्या डोक्याचा आहे. हा विचार त्याला इतका पटला, की दक्षिण कसब्यातलं आपलं दार येईपर्यंत तो बराच मोकळा झाला होता.

तरीही त्याने पुढच्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलं, की घाटाचा रस्ता खराब झाला आहे, सहली काही दिवस बंद ठेवाव्यात. साहेबांनी मान वर केली नाही. धारवाडहून डॉक्टर रुद्राणीबाई येत होत्या, गिरणीच्या बाळंतपणाच्या दवाखान्यासाठी. त्यांनी हरणघाटाचं नाव आधीच ऐकलं होतं. बाई एकट्या आहेत, तेव्हा या खेपेला वेणीमाधवने स्वतः वरपर्यंत बरोबर जावं, असा साहेबांचा हुकूम झाला.

४

त्या रात्री तो जेवला नाही. शकुंतलाने कारण काढून घेतलं. मग ती सहज म्हणाली, की त्यात काय, बाईमाणसाला बाईमाणसाची सोबत बरी. तुमच्या जागी मी जाते.

त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. शकुंतलाने सोलापूर आणि तिचं माहेर मंगळवेढा यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं, आणि दोन्हीकडे जमीन पोळपाटासारखी. वेणीमाधव घाटाचं वर्णन करायचा ते ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. ते त्याने पाहिलेलं नाही हे तिला ठाऊक होतं. त्यावरून तिने त्याला कधी बोल लावला नव्हता.

नको म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण का नको, हे सांगायचं तर त्या दोघा भावांचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं तर आपल्यालाच जावं लागलं असतं. तो म्हणाला, "पहाटे वर गार असतं. शाल घे."

तो नाक्यावर बाजेवर बसला. मोटार वर गेली. धुळीचा पट्टा पहिल्या वळणापर्यंत दिसला, मग डोंगराने पोटात घेतला. इंजिनाचा आवाज बराच वेळ येत राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. पहारेकरी तंबाखू मळत होता. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

दुपारी मोटार खाली आली. मागे दोघीजणी बसल्या होत्या. दोघी समोर बघत होत्या. वेणीमाधव पुढे मानसिंगशेजारी बसला, आणि सोलापूर येईपर्यंत मागे वळून बघायचा त्याला धीर झाला नाही.

५

घरी आल्यावर शकुंतला उंबऱ्यात थांबली. चौकटीला धरून तिने आत पाऊल टाकलं, पुढे वाकून, जोर लावून. माजघर ओलांडायला तिला वेळ लागला. कोनाड्याला धरून, फडताळाला धरून ती स्वयंपाकघरात पोचली आणि नेहमीसारखी चुलीपुढे बसली.

कसं होतं वर, असं त्याने विचारलं. सुरेख आहे, ती म्हणाली. तुम्ही सांगता त्याहून सुरेख.

रात्री तिने दोघांची पानं वाढली. दोन्ही ताटं शेजारी शेजारी, एकाच जमिनीवर. त्याच्या ताटातलं वरण मधोमध पसरलं. तिच्या ताटातलं वरण तिच्याकडच्या कडेला जाऊन थांबलं आणि काठावरून टपटप सांडू लागलं. ताटाला पोचा पडला असेल, असं म्हणून त्याने ते फिरवलं. वरण ताटाबरोबर फिरलं नाही. ते सावकाश वाहत पुन्हा तिच्याकडेच आलं. त्याने आपलं ताट तिच्यापुढे सरकवलं. त्यातलंही वरण हलायला लागलं.

शकुंतलाने पाटाखाली पायाचा अंगठा रोवून धरला होता. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तेवढी फक्त कंटाळ्याची छटा होती.

"अजून किती आहे हो?" तिने विचारलं.

६

डॉक्टर आले. त्यांनी कानात बघितलं, तोल कानात असतो असं सांगितलं आणि थेंब दिले. वेणीमाधवने थेंब घातले. त्याला मनापासून वाटत होतं की कानाचंच असावं. रुद्राणीबाईंची चौकशी केली, तर त्या ठरल्याआधीच धारवाडला निघून गेल्या होत्या. त्या आणि ते मुंबईचे भाऊ आणि बडोद्याचं ते म्हातारं जोडपं, सगळी माणसं आपापल्या गावी, आपापल्या सपाट घरांत पुढे वाकून चालत असतील, हा विचार त्याला कामात असतानाही सोडेना.

शकुंतला उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून चालायची आणि थकली की मागे सरकायची. रात्री तो तिला भिंतीजवळ झोपवायचा. सकाळी ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेच्या भिंतीला पाय लावून पडलेली असायची, आणि तिच्याखालची सतरंजी गोळा होऊन आलेली असायची. मग तिने भांड्यांची मांडणी करणं सोडलं. ती हात लावेल ते घरंगळायचं.

दिवसा ती बोलायची. आरडाओरडा नाही, वात झाल्यासारखं नाही. शेजारच्या बाकावरच्या माणसाला सांगावं तसं बोलायची. गाडीत फार दाटी झाली आहे. सरोजिनीबाईंची मान सारखी खांद्यावर पडते. कोणी कोणाशी बोलत नाही. पुढे जो चालवतो आहे तो मागे वळून बघतच नाही.

"मानसिंगला सांगू का मी?" वेणीमाधवने विचारलं. आपण तिच्या बोलण्यात शिरलो, हे त्याला बोलून गेल्यावर कळलं.

"मानसिंग कुठला," ती म्हणाली.

मोटारीच्या दाराला धरावं तशी ती पाटाची कड धरून बसली होती.

"तुम्ही खाली नाक्यावरच बसला असाल ना?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "तिथून हाक मारलीत तर वर ऐकू येईल का हो?"

वेणीमाधव उठून अंगणात गेला. त्याने तोंडावर पाणी मारलं. मग तो तसाच ओल्या तोंडाने मानसिंगच्या घरी गेला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडल्यावर ते दोघे हरणघाटाकडे निघाले. शकुंतलापाशी निंगव्वाला बसवलं होतं. नाका आला. पहारेकऱ्याने सवयीने बाज झटकली. वेणीमाधव उतरला नाही. मानसिंगने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी चढाला लावली.

मोटारीचं नाक तेवढ्यात आभाळाकडे झालं. वेणीमाधवने डोळे मिटले, पण मिटलेल्या डोळ्यांत ते जास्तच वाईट होतं. पाठ बाकात रुतत होती. उजवीकडे डोंगराचा कातळ, डावीकडे काही नाही. त्या काही नसण्याकडे बघायचं नाही असं ठरवून त्याने मानसिंगच्या हातांकडे नजर लावली. मानसिंगचे हात घामाने चमकत होते. वेणीमाधवच्या मनात एकच गोष्ट होती, की शकुंतला या असल्या रस्त्यावर इतके दिवस आहे.

पळसाचं झाड आलं. फुलं गळून गेली होती. त्यापुढच्या वळणावर हवेत ताजी धूळ होती.

"पुढं गाडी हाय," मानसिंग हळूच म्हणाला.

त्यांच्या इंजिनाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. तसाच, खालच्या गियरमधला, कण्हणारा. वळण घेतलं की पुढे रिकामा रस्ता आणि वर तरंगणारी धूळ. पुन्हा वळण, पुन्हा धूळ. असं किती वेळ चाललं कोण जाणे. ऊन पाठीवर होतं ते डोक्यावर आलं. खाली पठार तेवढंच दूर दिसत होतं, आणि माथाही तेवढाच.

"थांबव," वेणीमाधव म्हणाला.

मानसिंगने चाकामागे दगड लावला. तो स्टेअरिंगपाशी परत जाऊन बसला आणि त्याने डोकं हातांवर टेकलं. मी वर बघणार न्हाय सायेब, एवढंच तो म्हणाला. वेणीमाधव उतरला. उभं राहणं जमेना, म्हणून तो डोंगराच्या बाजूने हातापायांवर रांगत निघाला. खडी तळव्यांना टोचत होती. वरच्या वळणाच्या अलीकडे एक मोठा खडक होता. त्याला धरून तो उभा राहिला.

पुढे हाकेच्या अंतरावर मोटार चढत होती.

गिरणीचीच मोटार. तेच कापडी छत, मागे ठिगळ लावलेलं. खाली चाकाला दगड लावून उभी असलेली ती हीच. ती इतकी सावकाश जात होती की चालत गाठता आली असती. मागच्या बाकावर दोन माणसांच्या जागेत डोकी दाटली होती, एकाला एक लागून, सगळी पुढे बघणारी. एक पांढरा फेटा. मुंबईच्या टोप्या दोन. कोणाकोणाची होती ते सगळं त्याला ओळखता आलं नाही, आणि ओळखावंसं वाटलं नाही. डाव्या कडेला, दाराच्या पत्र्यावर, हिरव्या बांगड्यांचा हात होता. पुढे चालवणाऱ्याच्या जागी कोण होतं ते छताच्या सावलीत दिसलं नाही.

नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारायची नाही अशी त्यांच्या घरची रीत होती. वेणीमाधवने आयुष्यात पहिल्यांदा ओरडून हाक मारली.

"शकुंतले! उतर!"

सगळ्या डोक्यांतलं एकच डोकं वळलं. तिने त्याला पाहिलं, हे त्याला नक्की कळलं. ती बाकावरून उठली, चालत्या गाडीत, आणि तिने दाराला हात घातला. तेवढ्यात मोटार वळणाआड गेली.

तो धावला. कसा धावला ते त्याला सांगता आलं नसतं. वळणापलीकडे घाट संपला होता. सपाट माथा, ज्वारीचं कापलेलं रान, करंजाची झाडं, आणि काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला एक धनगर. त्याची मेंढरं रस्ताभर पसरली होती. आता इथून मोटार गेली ना, वेणीमाधवने धापा टाकत विचारलं.

"मोटार?" धनगर म्हणाला. "खाली हुबी हाय की तुमची. दुसरी कुटं आली न्हाय हितं."

वेणीमाधव परत वळणापाशी आला. रस्ता मोकळा होता. डाव्या हाताला दरीची कड होती. कडेपाशी जाऊन खाली बघावं हे आपल्याला सुचलंच नाही, असं तो नंतर स्वतःला सांगू लागला. सुचलं होतं. कडेपासून चार हातांवर त्याचे पाय थांबले आणि पुढे गेले नाहीत.

८

घराच्या दारात निंगव्वा उभी होती. तिचं तोंड हसण्याने फुललं होतं. बाई बऱ्या झाल्या, ती सांगू लागली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बसल्या जागी दचकल्या, कोणी हाक मारल्यागत मागं बघितलं आणि ताठ उभ्या राहिल्या. आता नीट हायेत बघा. चालायलेत बी नीट.

वेणीमाधव धावत आत गेला. शकुंतला माजघरात मधोमध उभी होती. सरळ, ओळंब्यासारखी सरळ. ती हसली. त्याला रडू आलं. तो तिच्याजवळ गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की खोलीत वारा आहे.

खिडक्या बंद होत्या. कोनाड्यातल्या समईची ज्योत स्थिर होती. पण शकुंतलाचा पदर खांद्यावरून वर उडत होता, सारखा, फडफडत. कानाजवळचे केस वर उभे झाले होते. तिच्या हातांतल्या बांगड्या मनगटावर नव्हत्या. त्या कोपरापाशी जाऊन बसल्या होत्या. त्याने एका हाताच्या बांगड्या खाली ओढल्या. सोडल्याबरोबर त्या किणकिणत पुन्हा वर गेल्या.

"तुमची हाक आली," ती म्हणाली. "मी उतरले."

"कुठे उतरलीस?"

"डाव्या अंगाला. तिकडेच बसले होते मी."

डाव्या अंगाला काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. निंगव्वा दारातून आत बघत होती. तिचं हसू मावळलं होतं. तिने पदर तोंडाशी नेला.

"बरं वाटतंय," शकुंतला म्हणाली. "चढ नाही आता. दाटी नाही. फक्त वारा फार लागतो."

वेणीमाधवने तिचे दोन्ही हात धरले. ते गार होते, रात्री उघड्यावर राहिलेल्या माणसाचे असतात तसे. त्याने पाय फाकवून रोवले, दोरीने विहिरीत कोणाला सोडलेलं असावं तसे. तिचं वजन लागत नव्हतं. पण ओढ लागत होती, खालून.

"इतकं घट्ट धरू नका," ती म्हणाली. तिचे डोळे त्याच्याकडे होते, आणि त्यांत त्याच्याविषयीची काळजी होती. "तुम्हीपण ओढले जाल."

त्याने हात सोडले नाहीत.

बाहेर रस्त्यावर कोणी हातमागाचा ताणा पसरत होतं. तेलुगूत कोणीतरी कोणाला तरी साद घालत होतं. वेणीमाधवच्या धोतराचा सोगा हलला, जमिनीपासून सुटला, आणि हळूहळू वर उडू लागला.